वर्तन-संशोधनाची आखणी : पुण्याच्या रेडिओ-मंडळांपासून डाळजच्या उसापर्यंत

पुणे जिल्ह्यातील खेड्यांचे शास्त्रीय निरीक्षण ही काही काल-परवाची गोष्ट नव्हे. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी १९१७ साली प्रसिद्ध केली आणि कानिटकरांच्या सहकार्याने केलेली जातेगाव बुद्रुकची पाहणी १९२१ साली. या दोन ग्रंथांचा उल्लेख समाजशास्त्राच्या प्रत्येक अभ्यासक्रमात होतो. परंतु त्यांच्याही आधी, १९१० साली, मॅन यांनी ताम्हणे यांच्यासह नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींविषयी जी पुस्तिका लिहिली, तिच्याकडे वर्तनाच्या अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. नीरा डावा कालवा १८८५ साली वाहू लागला, आणि पाव शतकाच्या आत बारामतीकडील चांगली काळी जमीन पांढरी पडू लागली. जमिनीला झेपेल त्याहून अधिक पाणी दिले जाते, त्याचा निचरा होत नाही, आणि खालचे क्षार वर येतात. म्हणजे कारण काय, हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी छापून झाले आहे. आज बारामती व इंदापूर या तालुक्यांत उसाला पाणी जास्त दिल्याने रान चोपण होते हे कोणत्याही बांधावर विचारले तरी ऐकावयास मिळते. आणि सांगणाराच त्या रात्री दारे धरण्यास जातो.

ज्ञान आहे आणि वर्तन त्याप्रमाणे नाही, ही ती गाठ होय. सामाजिक समस्येवर वर्तन-संशोधनाची आखणी करू पाहणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने प्रथम या गाठीशी थांबावयास हवे. प्रत्यक्षात तो थांबत नाही. तो प्रश्नावली तयार करतो, ‘जाणीव’, ‘दृष्टिकोन’ आणि ‘आचरण’ असे तीन रकाने आखतो, एका गावात व्याख्याने घडवून आणतो, आणि पुन्हा तीच प्रश्नावली भरून घेऊन गुणांक वाढल्याचे सिद्ध करतो. ही पद्धत कोठून आली आणि तिच्यात काय टिकण्याजोगे आहे, याची छाननी करण्यास पुणे जिल्ह्यातच घडलेला एक प्रयोग फार उपयोगी आहे.

१९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच मराठी भाषक जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावी ग्रामीण श्रोतृमंडळे स्थापन केली. पुणे जिल्हा त्यांपैकी एक. कॅनडात १९४१ पासून चाललेल्या शेतकरी रेडिओ-मंडळांचा नमुना समोर होता. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा खास कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम झाले. मंडळाचे सभासद एकत्र बसून ऐकत, ऐकलेल्याची चर्चा करीत, निर्णय लिहून काढीत व शंका केंद्राकडे पाठवीत. मूल्यमापनाचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते व त्याचे सूत्रधार पॉल न्यूराथ हे होते. जगदीशचंद्र माथूर आणि न्यूराथ यांचा अहवाल १९५९ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षापासून ही योजना देशभर नेण्यास आरंभ झाला.

या आखणीचे श्रेय निःसंकोचपणे द्यावयास हवे. ज्या काळात सरकारी योजनेचे मूल्यमापन म्हणजे खर्ची पडलेल्या रकमेची बेरीज असे समजले जाई, त्या काळात न्यूराथ यांनी तीन प्रकारची गावे समोरासमोर ठेवली : मंडळ असलेली, रेडिओ असून मंडळ नसलेली, आणि रेडिओही नसलेली. प्रत्येक ठिकाणी कार्यक्रमांपूर्वी व कार्यक्रमांनंतर प्रश्न विचारले गेले. निष्पत्ती स्पष्ट होती. मंडळे असलेल्या गावांत कार्यक्रमांतील विषयांचे ज्ञान मोठ्या प्रमाणात वाढले, अन्यत्र ते जेमतेम हलले. रेडिओचा नुसता डबा चावडीत आणून ठेवल्याने काही होत नाही, हे त्यातून ठरले, आणि हे ठरविणे त्या काळी लहान काम नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कुर्ट लेविन यांनी गृहिणींच्या आहारसवयींवर केलेल्या प्रयोगांशी ते जुळतेही. काळीज, मूत्रपिंड यांसारखे न रुचणारे मांस शिजवावे म्हणून काही गटांना व्याख्यान दिले गेले, तर काही गटांत चर्चा होऊन शेवटी हात वर करून निर्णय झाला. पुढे चौकशी केली तेव्हा व्याख्यानगटातील शेकडा ३ आणि निर्णयगटातील शेकडा ३२ स्त्रियांनी त्यांपैकी एखादा पदार्थ केल्याचे आढळले.

परंतु या दोन प्रयोगांमधील भेद त्यांच्या साम्याहून महत्त्वाचा आहे. लेविन यांनी विचारले : पदार्थ शिजविला का? न्यूराथ यांच्या मापनाचा मुख्य भार होता : माहिती किती झाली? मंडळांनी घेतलेल्या निर्णयांची व कामांची नोंद अहवालात आहे हे खरे; पण तीन प्रकारच्या गावांची जी तुलना त्या प्रयोगाचा कणा आहे, ती ज्ञानाच्या गुणांची तुलना आहे. पुढील कित्येक प्रबंधांनी या कण्याचे अनुकरण केले व जे अनुकरणीय होते ते सोडून दिले. तुलनेची गावे गळाली आणि गुणपत्रिका तेवढी शिल्लक राहिली.

दुसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. तीन प्रकारची गावे होती. तर्काप्रमाणे ती चार हवी होती. रेडिओ व चर्चा दोन्ही, रेडिओ पण चर्चा नाही, दोन्ही नाहीत, आणि रेडिओविना केवळ चर्चा. हा चौथा कोपरा रिकामा राहिला. त्यामुळे लाभ झाला तो रेडिओ आणि चर्चा यांच्या संयोगाने, की गावातील पंधरा-वीस माणसे आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वेळी एकत्र बसली, त्यांचे म्हणणे कोणीतरी लिहून घेतले आणि पुण्याहून उत्तर आले एवढ्यानेच, याचा निवाडा त्या सामग्रीवरून होऊ शकत नाही. शिकागोजवळील हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांनी लक्ष दिले जाण्याचा परिणाम या विषयाची चर्चा जगभर सुरू करून दिली होती. त्या प्रयोगांच्या आकड्यांविषयी पुढे पुष्कळ शंका घेतल्या गेल्या. तथापि प्रश्न शिल्लक राहतो, आणि ज्या समाजात अधिकारी गावी येणे हीच घटना असते तेथे तो अधिकच तीव्र होतो.

आता डाळजकडे वळावे. इंदापूर तालुक्यात पुणे–सोलापूर महामार्गालगत, भिगवणच्या पुढे, डाळज नावाची एक नव्हे तर तीन गावे आहेत. दप्तरात त्यांना क्रमांक १, २ व ३ अशीच नावे आहेत. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि त्याच्या फुगवट्याचे पाणी या पट्ट्यातील शिवारांपर्यंत आले. ज्या नदीकाठच्या जमिनी गेल्या त्यांचा इतिहास वेगळा आहे. पळसदेवचे जुने मंदिर उन्हाळ्यात पाणी उतरले की अजून वर येते व त्याची साक्ष देते. काठावर राहिलेल्यांनी जलाशयातून पाणी उचलून ऊस केला. नीरेच्या बाजूचा प्रश्न कालव्याच्या पाण्याचा, येथील प्रश्न मोटरीच्या पाण्याचा. परिणाम मात्र एकाच दिशेचा : गरजेपेक्षा जास्त पाणी, जमिनीचा बिघाड, आणि धरणाच्या साठ्यावर ताण. उजनीच्या सुमारे ११७ अब्ज घनफूट साठ्यापैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ६३ अब्ज घनफुटांच्या आसपास, मृत साठा आहे. उन्हाळ्यात धरण ‘उण्यात’ गेले असे सोलापूरकडे चिंतेने म्हटले जाते ते या रेषेच्या संदर्भात.

येथे कोणी संशोधक उसाच्या अतिरिक्त पाण्यावर अभ्यास आखू लागला, तर तीन क्रमांकांची तीन गावे पाहून त्याला आनंद होईल यात शंका नाही. एक प्रयोगाचे, एक तुलनेचे, एक राखीव! हा मोह आवरावयास हवा. अशा शेजारगावांची माणसे एकाच बाजारात जातात, सोयरिकीने बांधलेली असतात, एकमेकांच्या बांधावरून ये-जा करतात. एका गावातील बैठकीत मंगळवारी जे बोलले जाईल ते दुसऱ्या गावात गुरुवारी ठाऊक असेल. तुलनेचे गाव तुलनेचे राहणार नाही. आणि ते तसे राहिले तरी दोन गावांची तुलना ही मुळात दोनच नगांची तुलना आहे. प्रत्येक गावात दोनशे शेतकऱ्यांना विचारून संख्या चारशेवर नेली म्हणजे नमुना मोठा झाला असे वाटते. पण एका गावातील माणसे एकमेकांसारखी असतात, एकाच पावसात भिजतात व एकाच साखर कारखान्याच्या तोडीची वाट पाहतात. याचा हिशेब सोपा आहे. वीस गावांतून प्रत्येकी वीस माणसे घेतली आणि गावातील माणसांमधील साम्याचा गुणक केवळ ०.१ मानला, तर नमुन्याची फुगवटी १ अधिक १९ गुणिले ०.१, म्हणजे २.९ होते, चारशे माणसांचे वजन सुमारे १३८ माणसांइतके उरते. दोन गावांतील दोनशे-दोनशे माणसांचे याच रीतीने जेमतेम १९ इतके उरते. प्रबंधाच्या परिशिष्टात हे गणित अपवादानेच आढळते.

म्हणून एकक बदलावे लागेल. अशा पट्ट्यात पाण्याविषयीचा निर्णय गाव घेत नाही, आणि एकटा शेतकरीही पूर्णपणे घेत नाही. एका डीपीवर, म्हणजे एका रोहित्रावर, ज्यांच्या मोटरी आहेत, किंवा उपसा योजनेच्या एका पाइपलाइनवर ज्यांची नावे आहेत, त्यांचे भाग्य एकत्र बांधलेले असते. रोहित्र जळाले तर सर्वांचे पाणी बंद. लाइट रात्री आली तर सर्वांची झोप मोडते. वर्तनाचे खरे एकक हा गट होय, आणि असे गट मिळविण्यासाठी तीन गावे सोडून तालुक्याचा काठ धुंडाळावा लागेल.

याच ठिकाणी मूळ प्रश्नाची फेरमांडणी आवश्यक ठरते. महाराष्ट्रात शेतीपंपांना वीज दीर्घकाळ पाळीने मिळत आली आहे; काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, आणि त्यातही मध्येच जाणारी. अशा स्थितीत शेतकरी मोटरीला स्वयंचलित कळ बसवितो. लाइट आली की मोटर आपोआप सुरू होते आणि तो जागा असो वा नसो, सरीत पाणी पडत राहते. पुढील पाळी केव्हा येईल याची खात्री नसल्याने आज मिळते आहे तेवढे पाणी तो रानात मुरवून ठेवतो. हे अज्ञान नव्हे. अनिश्चिततेपुढे माणसाने काढलेली ती समंजस तोड आहे. जाणीव-जागृतीची प्रश्नावली घेऊन गेलेला संशोधक या माणसाला ‘निम्न जाणीव’ या वर्गात टाकील, आणि जर तो बोलका निघाला व त्याने जमीन चोपण होण्याची कारणे बिनचूक सांगितली, तर ‘उच्च जाणीव, विसंगत आचरण’ असा शेरा मारील. दोन्ही शेरे शेतकऱ्याविषयी आहेत. विजेच्या वेळापत्रकाविषयी एकही नाही. वर्तन-संशोधनाच्या आखणीत जो घटक चल म्हणून धरलाच जात नाही, त्याचा दोष माणसाच्या स्वभावावर जाऊन बसतो.

या बाबतीत नीरा कालव्याचाच एक जुना दाखला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी तेथे ब्लॉक पद्धत सुचविली : ठराविक क्षेत्राला काही वर्षांसाठी पाण्याची हमी द्यावयाची, आणि त्या बदल्यात त्याच्या एका हिश्श्यातच ऊस घ्यावयाचा. प्रारंभी तिला विरोध झाला. पण तिच्या मागील मानसशास्त्र, ते नाव तिला कोणी दिले नसले तरी, पक्के होते. पाणी कमी वापरा असा उपदेश न करता पाणी केव्हा मिळेल याची खात्री द्यावी, म्हणजे हव्यास आपोआप आवरतो, ही तिची धारणा. ती कितपत खरी ठरली याचे उत्तर वादग्रस्त आहे. ऊस त्या हिश्श्यात राहिला नाही हे तर उघडच दिसते. परंतु परीक्षेस लावण्याजोगे गृहीतक मात्र ती देते.

आणि ते परीक्षेस लावण्याची संधी सध्या उपलब्ध आहे. २०१७ साली राज्य शासनाने सौर कृषि वाहिनी योजना सुरू केली. तिच्याखाली शेतीच्या वाहिन्यांना सौर प्रकल्पांची जोड देऊन दिवसा वीज पुरविण्याचे काम टप्प्याटप्प्याने होत आले आहे. सर्व वाहिन्या एकाच दिवशी बदलत नाहीत; आधीच्या आणि नंतरच्या वाहिन्या एकमेकींच्या तुलनेस ठेवता येतात. येथे न्यूराथ यांचा रिकामा कोपरा भरून काढता येईल. दिवसा वीज आणि गटचर्चा. दिवसा वीज, चर्चा नाही. जुनी पाळी आणि चर्चा. जुनी पाळी, चर्चाही नाही. वीज कोणाला आधी मिळते हे संशोधकाच्या हाती नाही, आणि जेथे प्रकल्पाला जमीन सहज मिळाली तेथे ती आधी येणार. हा पक्षपात मान्य करून त्याची नोंद ठेवावी लागेल. परंतु चर्चा कोणत्या गटांत घ्यावयाची हे चिठ्ठ्या टाकून ठरविता येते. चिठ्ठ्या उघड्यावर, गटांच्या देखत टाकाव्यात. निकाल ज्यांना लागू व्हावयाचा त्यांना तो मान्य होण्यास हा मार्ग कोणत्याही संमतिपत्राहून अधिक उपयोगी पडतो.

चिठ्ठी टाकली म्हणजे सर्व झाले असे मात्र नाही. महाराष्ट्र शासनाने २००४ च्या सुमारास ग्रामस्वच्छतेचा प्रयोग तीन जिल्ह्यांत करण्याचे योजिले होते, आणि गावे यदृच्छेने वाटली होती. त्यांपैकी त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातच कार्यक्रम प्रत्यक्षात राबविला गेला. नांदेड व नंदुरबार येथे तो झालाच नाही. नगरकडील साठ गावांच्या सामग्रीवरून जेफ्री हॅमर व डीन स्पिअर्स यांनी मुलांच्या उंचीत वाढ झाल्याचे दाखविले, आणि त्याच निबंधात हेही मांडले की ज्या जिल्ह्यात प्रशासन हलले तेथील निष्कर्ष न हललेल्या जिल्ह्यांवर लादता येत नाहीत. हा प्रामाणिकपणा विरळा आहे. डाळजच्या अभ्यासात याचा अर्थ असा की कागदावर ‘चर्चागट’ म्हणून नोंदलेल्या किती गटांत चर्चा खरोखर झाली, कोण आले, कोण आले नाही, आणि बागायतदाराचा मुलगा बोलत असताना वाटेकरी व मजूर गप्प होते काय, याची दैनंदिनी निष्पत्तीइतक्याच काळजीने ठेवावी लागेल. रात्रीचे पाणी पुष्कळदा मालक देत नाही, सालगडी देतो. त्याला बैठकीस बोलावले नाही तर चर्चा कोणाच्या वर्तनाची झाली?

मापनाचा प्रश्न राहतो, आणि तोच सर्वांत कठीण. ‘पाणी किती देता?’ या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्याकडे पाहून दिले जाते. मोटरीला तासमापक बसविणे हा उपाय आहे, पण मापक दिसू लागला की मनुष्य सावध होतो. म्हणून तो चारही प्रकारच्या गटांत, चर्चा सुरू होण्यापूर्वी निदान एक हंगाम आधी बसवावा. नव्या वस्तूची नवलाई ओसरावयास तेवढा अवधी लागतो. मोटर चालली म्हणजे पाणी पडलेच असेही नाही. मे महिन्यात जलाशय मागे सरकतो, पाइप वाढवावे लागतात, चर खणावे लागतात आणि त्याच तासांत पाणी कमी येते. तेव्हा तासांच्या जोडीला मातीचा ओलावा व क्षारता यांचे नमुने हवेत. नोंदी एकाच माणसाच्या हाती असू नयेत. अभय व राणी बंग यांनी गडचिरोलीत ३९ कार्यक्षेत्रातील व ४७ तुलनेच्या गावांमध्ये नवजात बालकांच्या शुश्रूषेचा जो प्रयोग केला, त्यात जन्ममृत्यूंची नोंद गावातील नोंदणीदाराकडून आणि पुढे घरोघरच्या पडताळणीतून, अशी दुहेरी झाली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांवर जगाने विश्वास ठेवला तो केवळ मृत्युदर शेकडा ६२ नी उतरला म्हणून नव्हे. तो आकडा कसा मिळविला हे तपासता येत होते म्हणून.

कालावधीविषयी तर तडजोड संभवतच नाही. श्रोतृमंडळांचा प्रयोग वीस कार्यक्रमांत, म्हणजे सुमारे दहा आठवड्यांत संपला. माहितीच्या परीक्षेस तेवढे पुरले. सुरू ऊस बारा महिन्यांचा, पूर्वहंगामी चौदा-पंधरा, आडसाली सोळा ते अठरा महिन्यांचा, आणि मागे खोडवा आहेच. जूनमध्ये आरंभ करून मार्चमध्ये प्रबंध सादर करणारा विद्यार्थी एकही आडसाली ऊस तुटताना पाहत नाही. त्यात एखादे दुष्काळी वर्ष आले तर सर्वांचेच पाणी कमी होईल आणि चर्चेचा परिणाम त्याखाली बुजून जाईल. तुलनेचे गट असण्याचे मोल अशाच वर्षी कळते.

एक आक्षेप येथे घेतला जाईल, व तो अनाठायी नाही. समस्या कोणाची? सोलापूरच्या नळाची वाट पाहणाऱ्याच्या दृष्टीने डाळजच्या काठावर उचललेले पाणी ही समस्या आहे. काठावरच्याच्या दृष्टीने ज्या धरणाने या पट्ट्यातील जमिनी घेतल्या त्याच धरणाच्या पाण्यावर त्याचा पहिला हक्क आहे, आणि समस्या आहे ती रात्रीच्या विजेची, सापकिरडाची व कारखान्याच्या उशिरा येणाऱ्या तोडीची. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणग्रस्तांची जी पाहणी १९६९ साली प्रसिद्ध केली, तिचे मोल यात आहे की विस्थापितांना स्वतःच्या स्थितीविषयी जे म्हणावयाचे होते त्याला तीत सामग्रीचा दर्जा मिळाला. डाळजच्या आखणीतही पहिले तीन-चार महिने गृहीतक न ठेवता केवळ ऐकण्यात घालवावे लागतील, आणि त्या ऐकण्यातून निष्पत्तीची निदान एक कसोटी गटांनी स्वतः ठरविलेली असावी. मग ती एकरी उतारा असो वा महिन्यातून किती रात्री घरी झोपावयास मिळाले ही असो. पाणी वाचले पण रात्री तेवढ्याच राहिल्या, तर सोलापूरच्या वर्तमानपत्रात प्रयोग यशस्वी ठरेल आणि डीपीखालच्या बैठकीत फसलेला. दोन्ही आकडे एकाच तक्त्यात, शेजारच्या रकान्यांत छापावेत, आणि तक्ता प्रथम त्या बैठकीत वाचून दाखवावा. ज्या गटांना चिठ्ठीत चर्चा मिळाली नव्हती त्यांच्याकडेही तो त्याच आठवड्यात न्यावा, कारण पुढील हंगामात त्यांच्याकडे चर्चा सुरू करावयाची झाल्यास तिचा पहिला विषय तोच असेल.